गोगलगायीचं राज्य

१२ जुलै

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. (आई म्हणाली, सुरुवात अशीच करायची असते. मनातून मी तुला टाळीच देतेय.)

तू म्हणाली होतीस, "फोनवर नुसतं हं-हं करणाऱ्या भाचीला मी रंगीत पेनं पाठवत नसते, आधी पत्र लिहायचं कबूल कर." मी कबूल केलं आणि पेनं आली. हे जांभळं आहे. हिरवं बाबांनी ऑफिसला पळवलं.

बाबांनी गाडी पुन्हा फाटकाला घासली. म्हणाले, फाटक आडवं आलं. तुला अजिबात सांगायचं नाही अशी ताकीद दिलीय, म्हणून पहिल्याच पानावर सांगून टाकतेय.

आता महत्त्वाचं. आमच्या वर्गात सध्या गोगलगायीचं राज्य आहे. गोगलगाय म्हणजे वर्गातली एक मुलगी. खरं नाव वेगळं आहे, पण ते आता कुणी घेत नाही. मागच्या महिन्यापासून राज्य तिचंच. ती आली की आम्ही सगळ्या पळतो. ती जिन्यात दिसली की भिंतीला चिकटून उभ्या राहतो. तिचा हात लागला की मेलोच! आमच्या रिलेच्या टीमची कप्तान आहे ना, तिने सांगून ठेवलंय, गोगलगायीशी जी बोलेल तिचं काही खरं नाही.

आणि बाईंनी काय केलं माहितेय? सगळ्यांच्या जागा बदलल्या आणि सोमवारपासून मला गोगलगायीच्याच बाकावर बसवलं! मला तर रडूच यायला लागलं. मी तिच्याशी बोलू का नको? खरंखरं सांग. आणि लवकर सांग.

तुझी,
भिंगरी


१८ जुलै

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद आणि तुझ्या बाबाला एक टपली. फाटक आडवं आलं म्हणे! शहरातल्या अर्ध्या लोकांना मी गाडी चालवायला शिकवली आणि माझा सख्खा भाऊ फाटकाशी भांडतोय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चहा उतू गेला, इतका राग आला मला. कोण ही गोगलगाय? नावातच सगळं आलं बघ. गोगलगाय आणि पोटात पाय! दिसायला गरीब आणि अख्खा वर्ग धाकात! मुली भिंतीला चिकटून उभ्या राहतात म्हणजे काय? आणि तुमच्या बाई काय झोपा काढतात?

नीट ऐक. अशा माणसांना एकच औषध. अजिबात भाव द्यायचा नाही. बोलायचं नाही, बघायचं नाही. बाकावर मधोमध दप्तर ठेव, पलीकडे ती, अलीकडे तू. बाकीच्यांनाही सांग, सगळ्या एक व्हा. मधल्या सुट्टीत ती एकटी पडली, डबा एकटीने खावा लागला, की चार दिवसांत मस्ती जिरते का नाही बघ. तुझी ती कप्तान शहाणी दिसते, तिचं ऐक.

माझ्याकडे एक शिकाऊ गृहस्थ येतात. ते समोरून हॉर्न वाजला की स्टिअरिंग सोडून कानांवर हात ठेवतात. तू तसं करू नकोस. घाबरायचं नाही. मागे आत्या आहे.

तुझी,
आत्या


२५ जुलै

प्रिय आत्या,

तू ग्रेट आहेस!

खरं सांगू? मला वाटलं होतं, तू मलाच रागावशील. पाकीट उघडायच्या आधी मी दहा वेळा ते उलटसुलट केलं. आणि तू तर चक्क आमच्या बाजूने!

मी तुझं पत्र मधल्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. कप्तानने टाळ्या वाजवल्या. म्हणाली, मोठी माणसंसुद्धा हेच सांगतात, बघा. आता त्याला आम्ही "आत्याचा नियम" म्हणतो. दप्तर मधोमध ठेवते. कप्तान मला तिच्या डब्यातलं देते. आधी कधी द्यायची नाही.

गोगलगाय तेव्हा खिडकीशीच होती. तिला ऐकू गेलं असणार, कारण तू लिहितेसच इतक्या मोठ्याने.

फक्त एक विचारायचं होतं. ती आता पळतच नाही. आधी कशी, मधल्या सुट्टीत आमच्यामागे धावायची, कुणाला तरी शिवता येईल म्हणून. पण ती फार हळू धावते गं, कुणीच हाताला लागत नाही. म्हणून तर गोगलगाय. आता नुसती भिंतीकडे तोंड करून डबा खाते. सकाळी घंटा होईपर्यंत फाटकाबाहेर थांबते आणि सगळ्या आत गेल्या की येते. काल चुकून तिच्या कोपराला माझा हात लागला, तर तीच "सॉरी" म्हणाली आणि आपला कोपर पोटाशी घेऊन बसली. मागच्या बाकावरच्या ओरडल्या, "पूस, पूस!" मग मी हात फ्रॉकला पुसला.

राज्य असणारीने पळायचंच नाही असं ठरवलं तर खेळ कसा चालणार? असा काही नियम असतो का? तुला माहीत असेल तर कळव.

तुझी,
भिंगरी


२९ जुलै

भिंगरे,

तुझं पत्र वाचता वाचता माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला, आणि मी तेव्हा स्वयंपाकघरात उभी होते.

राज्य म्हणजे पकडापकडीतलं राज्य?

अगं देवा! मला वाटलं, ती तुमच्यावर राज्य करते! हुकूम सोडते, दादागिरी करते, पोरींना पळवून लावते! आपली भाषा पण काय एकेक आहे. सिंहासनावर बसतो त्याचंही राज्य, आणि सगळे ज्याच्यापासून लांब पळतात त्याचंही राज्यच. आणि मी एवढी मोठी घोडी, एकदा फोन करून विचारायचं, "बाळा, कुठलं राज्य?" तर ते नाही. समोरचा सिग्नल न बघता गाडी दामटली ती दामटली. पोरांना शिकवते, थांबा, बघा, मग जा. स्वतः मात्र थांबले नाही, बघितलंही नाही.

म्हणजे मी त्या पोरीला एकटं पाडायला सांगितलं. आधीच एकटी पडलेली, तिला. आणि ते तू मोठ्याने वाचलंस आणि तिने ऐकलं. मला इतकी लाज वाटतेय की आज एका शिकाऊने गाडी कचराकुंडीवर नेली तरी मी काही बोलले नाही. तोच घाबरला. म्हणाला, "मॅडम, बरं नाही का?"

तर तो आत्याचा नियम रद्द. आत्ताच्या आत्ता दप्तर उचल. आणि हे पत्रही तसंच वाचून दाखव, मोठ्याने.

माझी चूक मी पदरात घेतली. पण भिंगरे, तुला तर माहीत होतं ना, कुठलं राज्य ते? मग मी रागावेन असं तुला का वाटलं होतं? घंटा झाली की राज्य संपतं. राज्य घरी घेऊन जायचं, दुसऱ्या दिवशी परत आणायचं, असा कुठला खेळ असतो?

आत्या


६ ऑगस्ट

आत्यास,

मी दप्तर उचललेलं नाही आणि पत्र वाचूनही दाखवणार नाही.

तुझं बरं आहे. तू लांब बसून सांगतेस. तुझ्या गाडीत तुझ्या बाजूलाही वेगळा ब्रेक असतो, काही झालं की दाबलास. माझ्याकडे नाही. मी ते पत्र वाचलं की कप्तान म्हणणार, आता राज्य भिंगरीवर. मग मी कुठे बसू? माझ्याशी कोण बोलेल? रिलेमधून काढलं तर?

सुरुवात कशी झाली ते सांगते, म्हणजे तुला कळेल. एकदा घंटा झाली तेव्हा राज्य तिच्यावर होतं. दुसऱ्या दिवशी कप्तान म्हणाली, "कालचंच राज्य पुढे चालू." गंमत म्हणून. सगळ्या हसल्या. मी पण हसले. मग तिसऱ्या दिवशी पण तेच. मग कुणी म्हणालंच नाही, बास आता. आणि गोगलगाय हे नाव मी ठेवलं. आता खूश? मी वाईट म्हणून नव्हतं ठेवलं. सुचलं आणि सगळ्यांना आवडलं. मला तेव्हा फार भारी वाटलं होतं.

आणि आता काही करायची गरजच नाही. काल तिची आई शाळेत आली होती. मोठ्या बाईंच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिने गोगलगायीचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं होतं. आम्ही सहावीत आहोत, आमचं दप्तर कुणाची आई घेते का? बाई म्हणाल्या, महिनाअखेर ती दुसऱ्या शाळेत जाणार. म्हणजे प्रश्नच मिटला.

भिंगरी

ता. क. मिटला असं मला वाटत नाही. पोटात कसंतरी होतंय. आईला वाटतं मी बाहेरचं काहीतरी खाल्लं.


१० ऑगस्ट

माझ्या भिंगरीस,

रागावलेली नाहीये. आधी हे वाच आणि मोठा श्वास घे.

तुझं एक म्हणणं शंभर टक्के खरं आहे. माझ्या बाजूला ब्रेक आहे, तुझ्या बाजूला नाही. म्हणून मी आता हुकूम सोडणार नाही. काही होणार नाही, असंही म्हणणार नाही. होईल. एखाद-दोन दिवस तुझ्यावर राज्य येईलच. तुला भीती वाटते ती खोटी नाही, आणि भीती वाटते म्हणून तू वाईट मुलगीही नाहीस. पोटात कसंतरी होतंय ना, ते चांगलं आहे. ज्यांच्या पोटात काहीच होत नाही त्यांची मला जास्त काळजी वाटते.

मागच्या आठवड्यात त्या कानांवर हात ठेवणाऱ्या गृहस्थांना मी मोठ्या सर्कलवर नेलं. आत शिरले, पण बाहेर पडेनात. गोल गोल गोल. का, तर म्हणे बाजूच्या गाड्या जागा देत नाहीत. मला गरगरायला लागलं. मी म्हटलं, "काका, तुम्हाला बाहेर पडायचंय हे त्यांना स्वप्नात दिसणार आहे का? वळायचा दिवा तर लावा!" त्यांनी दिवा लावला. मागचा लगेच थांबला असं नाही, चांगला शिव्या देत पुढे गेला. पण त्याच्या मागचा थांबला. तुमच्या वर्गातही अशी एखादी असेल, जिला कधीचं बाहेर पडायचंय.

आणि मला एक सांग, तुला भिंगरी का म्हणतात? पायाला भिंगरी आहे म्हणून. राज्य आलं तर एवढं घाबरायचं काय? राज्य आलं की काय करायचं असतं, ते तुझ्याइतकं चांगलं कुणाला जमतं?

सोबत एक चिठ्ठी आहे, ती तिला दे. मी तिची माफी मागितलीय. तू नाही दिलीस तर मी पोस्टाने शाळेच्या पत्त्यावर पाठवीन, पण मग पाकिटावर गोगलगाय लिहावं लागेल, कारण तिचं खरं नाव तू मला अजून सांगितलेलं नाहीस.

तुझीच,
आत्या


२१ ऑगस्ट

प्रिय, प्रिय, प्रिय आत्या,

माझा गुडघा फुटलाय, आवाज बसलाय, आणि मला तुला इतकं सांगायचंय की जांभळं संपून आता केशरी घेतलंय.

तुझी चिठ्ठी चार दिवस कंपासपेटीत ठेवली होती. शुक्रवारी मधल्या सुट्टीत गेले. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी चिठ्ठी पुढे केली तर तिने हात मागे घेतले. म्हणाली, "तुझ्या आत्याचं पत्र ऐकलंय मी. नको."

आत्या, मला इतकं वाईट वाटलं! मी काय बोलणार होते ते सगळं विसरले आणि तोंडातून निघालं, "मग मला शीव."

ती म्हणाली, "नाही."

मी म्हटलं, "शीव ना, राज्य माझ्यावर येईल." तर म्हणते, "हो, आणि उद्या तुम्हीच म्हणणार, हिने मुद्दाम लावलं. मला नाही खेळायचं तुमचं काही." आणि ती डब्याचं झाकण लावायला लागली. मी आपली हात पुढे करून उभी. लांबून सगळ्या बघत होत्या. कप्तान ओरडली, "भिंगरी, काय करतेयस?" मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण मी हात खाली घेतला नाही. मी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली आणि म्हटलं, "ते नाव मी ठेवलं होतं. चुकलं माझं. शीव."

मग तिने एक बोट लावलं. लावलं आणि माझ्याकडे बघत बसली, मी पुसते का ते. मी नाही पुसलं. मग तिने माझा अख्खा हात घट्ट धरला, आणि सोडेचना! मी म्हटलं, "अगं सोड आता, मला पळायचंय." तेव्हा ती हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी तिचे दात बघितले.

मग मी जी सुटले! वर्गातल्या सगळ्या किंचाळत पळाल्या. पण मला फक्त कप्तान हवी होती. पाण्याच्या टाकीला दोन फेऱ्या, जिन्यावरून वर, जिन्यावरून खाली (गुडघा इथे फुटला), आणि कप्तान थेट मोठ्या बाईंच्या खोलीच्या दारात. मोठ्या बाई म्हणाल्या, "काय चाललंय?" कप्तान म्हणाली, "बाई, हिच्यावर राज्य आहे!" बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मग तू थांबलीस कशाला? पळ की!" तोपर्यंत मी शिवलं होतं.

आता खरी गोष्ट ऐक. कप्तान मैदानात परत आली, आणि सगळ्या तिच्यापासून मागे सरकल्या. कुणी सांगितलंही नव्हतं. सवयच लागलीय ना. तिच्याच टीममधल्या दोघी, त्यासुद्धा. तिचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं होतं मला फार मजा वाटेल. एवढीशीच वाटली.

तेवढ्यात घंटा झाली. मी बसलेल्या आवाजात ओरडले, "घंटा झाली! राज्य संपलं! सगळ्यांचं!" मग ती, जिच्यावर इतके दिवस राज्य होतं, ती म्हणाली, "संपलं म्हणजे संपलं. सोमवारी नव्याने चकायचं, जिच्यावर राज्य येईल तिच्यावर." आणि कप्तानच्या अगदी बाजूने चालत वर्गात गेली. हळूहळूच गेली, तिला घाई नसतेच. पण सगळ्या तिच्या मागून गेल्या.

सोमवारी आम्ही हात उलटसुलट टाकून चकलो. राज्य माझ्यावर आलं, नशीब माझं. कप्तान माझ्याशी अजून बोलत नाही. रिलेमधून मात्र काढलं नाही, कारण तिला जिंकायचंय. दप्तर बाकाखाली गेलंय.

ती शाळा सोडणार की नाही ते अजून कळलेलं नाही. मी रोज विचारते. ती म्हणते, आई विचार करतेय. मला ती जायला नको आहे. तुझी चिठ्ठी तिने शेवटी घेतली. काय लिहिलं होतंस गं? वाचून इतकी हसली की पाणी नाकात गेलं. मला दाखवत नाही.

तुझी,
भिंगरी


३ सप्टेंबर

भिंगरीच्या आत्यांना नमस्कार.

मी गोगलगाय. तुम्ही चिठ्ठीत माझं खरं नाव विचारलंत, ते पाकिटामागे लिहिलंय. पण तुम्ही गोगलगाय म्हटलं तरी चालेल, तुम्हाला परवानगी आहे. भिंगरीला नाही. तिला अजून सहा महिने नाही.

तुमचं पहिलं पत्र ऐकलं तेव्हा मी घरी जाऊन तुम्हाला एक उत्तर लिहिलं होतं. ते फार उद्धट होतं. आईने वाचलं आणि म्हणाली, "छान लिहिलंयस, पण पाठवायचं नाही." तिला तुमच्या पत्राबद्दल तेव्हाच कळलं आणि दोनच आठवड्यांत ती मोठ्या बाईंना भेटली. म्हणजे तुमच्या चुकीमुळे निदान घरी तरी सांगून झालं. नाहीतर मी सांगणार नव्हते. मला वाटायचं, आई विचारेल, "तू काय केलंस?" आणि मी काहीच केलं नव्हतं, त्यामुळे मला उत्तर येत नव्हतं.

तुम्ही लिहिलंत की माफी म्हणून मला मोठेपणी गाडी फुकट शिकवाल आणि मी कितीही हळू चालवली तरी मागच्याला हॉर्न वाजवू देणार नाही. हे मी जपून ठेवलंय. नंतर नाही म्हणू नका.

भिंगरी म्हणते, काय झालं ते सगळं तिने तुम्हाला लिहिलंय. तिने हे लिहिलं नसेल की ती फार बडबडते. बाकावर दप्तर होतं तेव्हा निदान गणित तरी व्हायचं.

शाळा बदलायचं आम्ही कालपर्यंत ठरवलेलं नव्हतं. आई म्हणत होती, जाऊच, कशाला परत तेच. मी म्हणत होते, थांब थोडी. कारण मलाही नक्की माहीत नव्हतं. मुली बोलायला लागल्या होत्या, पण जरा जपून, पाहुण्यांशी बोलतात तशा. "तू बस ना, तू आधी घे ना." मला ते फार आवडत नव्हतं.

पण आज शाळा सुटल्यावर जिन्यात नेहमीसारखी गर्दी झाली, कुणी भिंतीला चिकटलं नाही, आणि मागून कुणीतरी मला जोरात ढकललं. पुढचीचं दप्तर माझ्या नाकावर आपटलं, आणि कप्तान माझ्या पायावर पाय देऊन "ए, सरक ना!" म्हणत पुढे निघून गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

मी घरी धावत गेले. मी, धावत! दारातूनच आईला सगळं सांगितलं. ती घाबरून म्हणाली, "अगं बाई, लागलं का गं?"

मी म्हटलं, "हो ना! चांगलंच लागलं!"

आईने माझं हसू बघितलं. मग तिने दुसऱ्या शाळेत फोन केला आणि म्हणाली, आम्ही येत नाही.

तुमची,
गोगलगाय